साखळीचा दिवस

हॅलोकाकूंना हे नाव कोणी ठेवलं ते आता कोणाला सांगता येणार नाही, पण ते चिकटलं ते कायमचं. त्यांचं सगळं तारुण्य टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलं. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा उभा बोर्ड आणि दोन्ही हातांत वायरी. इकडच्या माणसाचा आवाज उचलायचा आणि तिकडच्या माणसाच्या कानात अलगद नेऊन ठेवायचा, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन केस पांढरे झाले तरी दारात कोणी आलं की ‘या, बसा’च्या आधी तोंडातून ‘हॅलो’ बाहेर पडे. मग ते मांजर का असेना. गल्लीतल्या बेकरीवाल्याने एकदा गमतीने ‘राँग नंबर’ म्हणून उत्तर दिलं, तर काकूंनी सवयीने दार लावून घेतलं आणि त्या दिवशी घरात पाव आला नाही.

त्या नोकरीने काकूंना कान दिला. एकदा ऐकलेला आवाज त्या विसरत नसत. आणि एक करारीपणाही दिला. कोणा बड्या माणसाने एकदा सांगितलं होतं, ‘अमक्याचा फोन आला तर लाइन लागत नाही म्हणा.’ काकू शांतपणे म्हणाल्या, ‘साहेब, मी लाइन जोडते. थापा मारायचं खातं निराळं असेल.’ त्याची तक्रार झाली, सुपरवायझरने बोलावून घेतलं, पण काकू काही बधल्या नाहीत.

एक्स्चेंजला फोन यायचे ते शिव्या द्यायलाच. लाइन तुटली, आवाज खरखरला, वेळ लागला, सगळ्याचं खापर बोर्डावरच्या मुलींवर. एवढ्या वर्षांत एकदाच असं झालं की एका बाईने ट्रंक कॉल संपल्यावर परत फोन केला आणि म्हणाली, ‘मुलाचा आवाज अगदी जवळून ऐकू आला हो. देव तुमचं भलं करो.’ सुपरवायझरने विचारलं, ‘काय तक्रार आहे?’ काकू म्हणाल्या, ‘तक्रार नाहीये.’ तो म्हणाला, ‘मग फोन कशाला केला?’ ही गोष्ट काकू पुष्कळदा सांगत आणि दर वेळी तितक्याच हसत.

काकूंनी लग्न केलं नाही. घरात त्या आणि त्यांची थोरली बहीण, ताई. ताईंचे यजमान लवकर गेले आणि त्या माहेरच्या घरी परत आल्या. एका शाळेत त्या खेळाच्या बाई होत्या. गळ्यात शिट्टी अडकवलेली, आवाज मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचणारा. सत्तरी उलटली तरी त्या काकूंना ‘छोटे’च म्हणत आणि काकूही ‘हो ताई’ म्हणून उठत.

घर उतारावरच्या गल्लीत, अगदी वरच्या टोकाला. वडिलांनी ते बांधलं तेव्हा आजूबाजूला नुसतं गवत होतं. मग एकेक करून खाली बाकीची घरं उभी राहिली आणि सगळ्यांनी मिळून मोठ्या रस्त्यापर्यंत स्वतःचा रस्ता केला. त्यामुळे तो रस्ता सोसायटीचा, शहराचा नव्हे. तोंडाशी तशी पाटी होती: ‘खासगी रस्ता’. शहराची झाडूची गाडी त्या पाटीपाशी येई, नाक मुरडल्यासारखी वळे आणि निघून जाई.

पाटीशेजारी दोन लोखंडी खांब होते आणि त्यांच्यात अडकवायची साखळी. ती वडिलांनी आणलेली. त्या वेळच्या एका वकिलाने त्यांना सल्ला दिला होता की, ज्या रस्त्याने सगळं जग वर्षानुवर्षं बिनदिक्कत ये-जा करतं, तो उद्या सगळ्या जगाचा ठरतो. तेव्हा वर्षातून एक दिवस तो बंद ठेवत जा, म्हणजे मालकी कोणाची ते स्पष्ट राहील. म्हणून दर एक ऑक्टोबरला वडील सकाळी उतरून साखळी लावत आणि संध्याकाळी काढत. पहिली काही वर्षं हा प्रकार मोठ्या गांभीर्याने चालला. पण एक दिवस गाडी येणार नाही म्हटल्यावर मुलं बॅटबॉल घेऊन रस्त्यावर उतरली. मुलांवर लक्ष ठेवायला आया खुर्च्या घेऊन आल्या. खुर्च्या आल्या म्हणून चहा आला, चहा आला म्हणून बेकरीवाल्याचा केक आला. वकील गेले, वडील गेले आणि साखळीचं कारणही त्यांच्याबरोबर गेलं. उरला तो चहा. गल्लीत त्याला ‘साखळीचा दिवस’ म्हणत आणि त्याची वाट मुलं महिनाभर आधीपासून बघत. वडिलांमागे किल्ली काकूंकडे आली. सकाळी धुतलेली साडी नेसून उतरायचं, साखळी अडकवायची आणि कुलपाचा खट्ट आवाज ऐकायचा. तो आवाज आला की वरपासून खालपर्यंत टाळ्या.

रस्ता मात्र दिवसेंदिवस थकत चालला होता. वरच्या चढावर पाणी आतून शिरलं, डांबर सुटलं, खडी उघडी पडली. सोसायटीचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. ते म्हणत, ‘भरून भरून किती भरणार? याला आता कवळीच बसवायला हवी.’ वर्गणीतून एक खड्डा बुजवावा तर शेजारी दुसरा तोंड वासून तयार. शेवटी लोकांनी गाड्या खाली मोठ्या रस्त्यावर लावायला सुरुवात केली. टॅक्सीवाले गल्लीचं नाव काढलं की फोन ठेवून देत. फक्त बेकरीवाल्याची व्हॅन रोज पहाटे वर चढे आणि ती चढताना ट्रे असे आदळत की स्वयंपाकघरातलं भांड्यांचं फडताळ कोसळतंय असं वाटे. काकू पांघरुणात पडल्यापडल्या सांगत, ‘आली डॉक्टरांच्या फाटकापाशी. आता वळण. आता तो मोठा खड्डा.’ आणि धडाम.

हे सगळं चालवून घेतलं असतं, पण ताईंची मूत्रपिंडं निकामी झाली. आठवड्यातून तीनदा हॉस्पिटलात जाऊन तासन्‌तास मशीनला जोडून घ्यायचं, नाहीतर जगणं नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. पाय तर आधीच गेले होते. शहराची एक फार चांगली सोय होती: अशा रुग्णांसाठी व्हॅन. चाकाच्या खुर्चीसकट आत घेणारी, सोबत मदतनीस बाई असलेली, दारापासून दारापर्यंत नेणारी. पण तिला नेमून दिलेले रस्ते शहराचे. पहिल्या दिवशी ड्रायव्हर पाटीपाशी थांबला आणि उतरून म्हणाला, ‘आजी, याच्या पुढे मला परवानगी नाही. काही झालं तर नोकरी जाईल.’ आणि चाकाच्या खुर्चीतून काय किंवा बेकरीच्या व्हॅनमधून काय, त्या खडीवरून खाली न्यायचं म्हणजे माणसाला जात्यात घालण्यासारखं.

तेव्हा बेकरीवाल्याने एक वेताची खुर्ची घेतली आणि तिला दोन्ही बाजूंनी आपल्या ट्रेच्या रॅकचे पाइप बांधले. चार माणसांनी उचलायची. पहिल्या सकाळी तो, डॉक्टर, डॉक्टरांचा जावई आणि समोरचा एक तरुण शिक्षक असे चौघे आले. ताईंनी गळ्यात जुनी शिट्टी घातली.

‘डावा पाय आधी,’ त्या म्हणाल्या. ‘डॉक्टर, डावा म्हणजे तुमचा डावा. पेशंटचा नाही.’

अशी ताईंची स्वारी आठवड्यातून तीनदा खाली उतरू लागली आणि संध्याकाळी तशीच वर चढू लागली. काकू शेजारून पिशवी घेऊन चालत. ताई ऐटीत बसत, पण काकूंना उचलणाऱ्यांचे श्वास ऐकू येत. डॉक्टरांचा श्वास वळणापाशी शिट्टीसारखा वाजे. बेकरीवाला रात्रभर भट्टीशी उभा राहून येई, त्याच्या श्वासात झोप ऐकू येई. कोणी कधी नाही म्हटलं नाही, आणि म्हणूनच काकूंना जास्त टोचे. एकदा जोराचा पाऊस झाला, खडी शेवाळली, आणि ताईंना घेऊन उतरायची कोणाचीच छाती होईना. ती एक खेप चुकली. दुसऱ्या दिवशी ताईंचा चेहरा सुजला, श्वास लागला आणि ॲम्ब्युलन्सची माणसं स्ट्रेचर घेऊन चालत वर आली. त्यानंतर आकाशात ढग दिसला तरी काकू फाटकाबाहेर जाऊन खडी बघून येत.

सोसायटीची सभा भरली ती डॉक्टरांच्या दवाखान्यात. ठरलं की रस्ता शहराला देऊन टाकायचा. तो शहराचा झाला की दुरुस्ती शहराची आणि व्हॅन थेट ताईंच्या दाराशी. फक्त वळणावरच्या घरातल्या बाईंनी विरोध केला. त्या एका वाचनालयात काम करून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या आणि शांततेच्या फार भोक्त्या. त्या म्हणाल्या, ‘आज व्हॅन येईल, उद्या सगळं गाव माझ्या खिडकीखालून जाईल. मी घर घेतलं ते या रस्त्याला पाटी होती म्हणून.’ काकूंनी ते खोडून काढलं नाही, कारण त्यांना त्या बाईंचं म्हणणं चूक वाटत नव्हतं. शेवटी बाईंनी सही केली, पण कोणाकडे न बघता, आणि चहा न घेता निघून गेल्या.

अर्ज गेला नोव्हेंबरात. शहराने काही अटी घातल्या: गटार असं हवं, दिवे तसे हवेत, आणि अर्ज दिल्यापासून पूर्ण वर्षभर रस्ता सर्वांना खुला असला पाहिजे. डॉक्टरांनी ही शेवटची अट वाचून दाखवली तेव्हा सगळे हसले.

‘आपला रस्ता खुलाच असतो की!’ बेकरीवाला म्हणाला. ‘येणाऱ्याची हिंमत पाहिजे.’

शहराच्या रस्ते विभागाशी बोलायचं काम साहजिकच काकूंकडे आलं. तिथे एक इंजिनिअर होते. त्यांना दर वाक्यात ‘लक्षात घ्या’ म्हणायची सवय होती. ‘लक्षात घ्या मॅडम, गटाराचा नकाशा अजून आलेला नाही.’ ‘लक्षात घ्या, वरून सही व्हायचीय.’ काकूंनी घरात त्यांचं नावच ‘लक्षात घ्या’ ठेवलं. आवाज भारदस्त, जरा खर्जातला; काकूंच्या मनात त्यांचं चित्र उंचपुऱ्या, टक्कल पडलेल्या गृहस्थाचं होतं. हळूहळू ‘मॅडम’चं ‘काकू’ झालं. ते आधी ताईंची चौकशी करत आणि मग गटाराची.

पाहता पाहता वर्ष सरत आलं. ऑक्टोबर लागला.

एक तारखेला काकू नेहमीप्रमाणे धुतलेली साडी नेसून खाली उतरल्या. ताईंचा हॉस्पिटलचा दिवस नव्हता. काकूंनी साखळी अडकवली, कुलूप खट्ट वाजलं, वरपासून टाळ्या आल्या. खुर्च्या बाहेर आल्या. बेकरीवाल्याने केक कापला. डॉक्टर रस्त्याच्या मध्यभागी उभे राहून मुलांना चेंडू टाकत होते. अर्जावर ज्यांच्या ज्यांच्या सह्या होत्या ते झाडून सगळे रस्त्यात पाय पसरून चहा पीत होते.

काकू साखळीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. पाठीमागून कोणीतरी म्हणालं, ‘हे काय चाललंय?’

काकूंनी मान वळवायच्या आधीच आवाज ओळखला. ‘अगंबाई! लक्षात घ्या!’ त्या उठल्याच. साखळीपलीकडे एक ठेंगणा, कुरळ्या केसांचा तिशीतला माणूस उभा होता, बगलेत नकाशांची गुंडाळी. मागे शहराची जीप.

‘काकू?’ तो म्हणाला. ‘तुम्हीच ना? मी शेवटचं पाहून जावं म्हणून आलो. महिनाअखेर अहवाल पाठवायचाय.’

‘मग अगदी योग्य दिवशी आलात! आज आमचा साखळीचा दिवस. या, चहा घ्या.’

‘म्हणजे… रस्ता बंद आहे?’

‘छे हो! बंद कुठला? नुसती साखळी लावलीय.’

इंजिनिअरने साखळीकडे पाहिलं. मग कुलपाकडे. मग साखळीपलीकडच्या खुर्च्यांकडे, केककडे, चेंडू हातात घेऊन थिजलेल्या डॉक्टरांकडे. ‘काकू,’ तो हळूच म्हणाला, ‘लक्षात घ्या.’ आणि पुढचं वाक्य त्याला बोलवेना.

त्याला ते बोलावंही लागलं नाही. काकूंच्या हातातली किल्ली एकदम जड झाली. बंद म्हणजे बंद आणि साखळी म्हणजे साखळी, अशी गल्लीतल्या सगळ्यांच्या डोक्यात वेगळी वेगळी खाती होती. ती दोन्ही एकच आहेत, किंबहुना ही साखळी आणली तीच रस्ता बंद करायला, हे इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आणि ते नेमक्या याच दिवशी, त्यांच्या लक्षात आलं. मागे मुलांचा आवाज हळूहळू बंद पडला. खुर्च्या सरकल्या. माणसं जवळ आली.

‘मग आता?’ डॉक्टरांनी विचारलं.

‘वर्ष उद्यापासून पुन्हा मोजायचं,’ इंजिनिअर म्हणाला. ‘मला वाईट वाटतंय हो. पण अट तशी आहे.’

‘अहो, उद्या आलात असं समजा ना साहेब,’ बेकरीवाला पुढे सरसावला. ‘उद्या साखळी नसेल. केकही उद्या खा. ताजा करून देतो.’

‘मी आज आलोय ना पण,’ इंजिनिअर म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. ‘उद्या कोणी हरकत घेतली, विचारलं की त्या दिवशी काय पाहिलं, तर काय सांगू?’

सगळ्यांच्या नजरा काकूंकडे वळल्या. इतके महिने फोनवर बोलून त्यांनी हा माणूस जोडला होता; त्यांनी एक शब्द टाकला असता तर तो कदाचित विरघळलाही असता. काकूंना वरच्या खिडकीत ताईंचं डोकं दिसत होतं. अजून एक वर्ष. अजून एक पावसाळा. त्या वर्षभरात काय होईल ते कोणी सांगावं? क्षणभर शब्द अगदी ओठांवर आला.

‘नको,’ काकू बेकरीवाल्याला म्हणाल्या. ‘बघितलं ते लिहू दे त्यांना. मी कोणासाठी लाइन बिझी नसताना बिझी म्हटलं नाही. आता बहिणीसाठी त्यांना म्हणायला लावू?’ मग त्यांनी कुलूप काढलं, साखळी जमिनीवर सोडली आणि म्हणाल्या, ‘चहा मात्र घेऊन जायचं.’

त्याने तो घेतला, उभ्या उभ्या, आणि नकाशाची गुंडाळी उलगडून कोपऱ्यात काहीतरी लिहिलं. लिहिताना त्याने एकदाही वर पाहिलं नाही.

काकू घरी चढून आल्या. ताईंनी सगळं खिडकीतून पाहिलं होतं. काकूंनी जसं घडलं तसं सांगितलं.

‘मग अजून वर्षभर माझी मिरवणूक,’ ताई म्हणाल्या.

‘ताई, मी…’

‘बस. रडायला लागलीस तर शिट्टी वाजवीन. बाबांची साखळी, तुझं काय? मीही इथे बसून टाळ्या वाजवल्याच की.’

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलची खेप होती. काकूंनी ताईंना तयार केलं, पण त्यांना मनातून खात्री होती की आज कोणी येणार नाही. ‘या’ तरी कोणत्या तोंडाने म्हणायचं? ज्यांनी खांदे झिजवले त्यांच्यावर आपण आपल्या हाताने आणखी वर्षभराचं ओझं टाकलं. डॉक्टरांना कंबरेचा त्रास, बेकरीवाल्याला झोप नाही. त्यांनी दोन जाड चादरी काढून ठेवल्या. चाकाच्या खुर्चीत अंथरून, थांबत थांबत, आपणच नेऊन बघू. मग त्यांनी दार उघडलं.

दारात बेकरीवाला होता. त्याच्या मागे डॉक्टर, जावई, शिक्षक. आणि त्यांच्या मागे फाटकापर्यंत माणसं. आजवर कधी न आलेली, कोणी ऑफिसला जायच्या कपड्यांत, कोणी घरातल्या चपलांत. बायकाही. डॉक्टरांची बायको पाइपला नवं कापड गुंडाळत होती. काकूंच्या तोंडातून सवयीने एकच शब्द निघाला, ‘हॅलो?’

‘राँग नंबर नाही,’ बेकरीवाला म्हणाला. ‘उचला रे.’

कालचा विषय कोणी काढला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. वळणापाशी उचलणारे बदलले, त्यामुळे डॉक्टरांची शिट्टी वाजलीच नाही. आणि त्या वळणावर फाटकात वळणावरच्या बाई उभ्या होत्या. खरं म्हणजे वर्ष लांबलं म्हणून मनातून सुखावण्याचा कोणाला हक्क असेल तर त्यांना होता. त्यांनी पुढे होऊन काकूंच्या हातातली पिशवी घेतली.

‘मला उचलता येणार नाही,’ त्या ताईंना म्हणाल्या, ‘पण तिथे तुम्ही इतका वेळ नुसत्या पडून असता म्हणे. मी येऊन वाचून दाखवलं तर चालेल?’

ताईंनी त्यांना नखशिखांत न्याहाळलं. ‘आवाज पोचेल का? तुम्ही तर सगळं आयुष्य कुजबुजलात.’

‘जवळ बसेन.’

आणि त्या बसल्या. वर्षभर. रहस्यकथा वाचायच्या आणि नेमक्या खून झाला की थांबायच्या, म्हणजे ताई पुढच्या खेपेला कंटाळा न करता तयार होत.

ते वर्ष काकूंना वाटलं होतं तसं गेलं नाही. जड गेलं, पण कडू गेलं नाही. पावसाळ्यात माणसांनी वरच्या चढावर पाटीपाटीने वाळू टाकली, एकही खेप चुकली नाही. ताईंना गल्लीतलं प्रत्येक घर कळलं. कोणाचं पोर परीक्षेत नापास झालं, कोणाच्या सासूचं कोणाशी पटत नाही, सगळं त्यांना खुर्चीत बसल्याबसल्या समजे. आधी आपण या गल्लीत राहत होतो, आता गल्ली आपल्यात राहते, असं काकू एकदा म्हणाल्या आणि ताईंनी त्यांना ‘भाषण पुरे’ म्हणून गप्प केलं. पण स्वतः मात्र त्या दर खेपेला खुर्ची टेकली की चारही माणसांच्या हातांवर एकेकदा हात ठेवत.

पुन्हा एक ऑक्टोबर आला, आणि वर्ष नेमकं त्याच दिवशी संपत होतं. त्या सकाळी काकू धुतलेली साडी नेसून रिकाम्या हाताने खाली उतरल्या. साखळी आदल्या आठवड्यातच बेकरीवाल्याने खांबांवरून काढून नेली होती. खुर्च्या बाहेर आल्या, पण कडेला. चहा झाला, पण भिंतीला टेकून. मुलांना सक्त ताकीद होती की चेंडू रस्त्यात गेला तर गेला. कोणी एक पाय जरी रस्त्यात टाकला तर दहा जण ओरडत, ‘खुला! खुला!’

इंजिनिअर आला आणि पाटी काढलेल्या तोंडाशी जीप लावून उभा राहिला. तेवढ्यात एक अनोळखी गाडी, बहुधा वाट चुकलेली, गल्लीत शिरली, धडपडत वळणापर्यंत गेली, पुढचा रस्ता पाहून घाबरली आणि वळून परत निघाली. दोन्ही बाजूंच्या माणसांनी तिला उभं राहून टाळ्या दिल्या. गाडीतला गृहस्थ काच खाली करून म्हणाला, ‘काय झालं? माझं काही चुकलं का?’

‘छे!’ डॉक्टर ओरडले. ‘पुन्हा या!’

इंजिनिअर इतका हसला की त्याला नकाशा धरवेना. चहा त्याने या वेळी बसून घेतला. केकचे दोन तुकडे खाल्ले.

पुढे सह्या झाल्या, रस्ता शहराचा झाला, आणि थंडी सरता सरता कामाची माणसं आली. त्यांनी जुनं सगळं उपटून काढलं आणि रोलर फिरवला. ताई खिडकीत बसून त्यांना सूचना देत होत्या. त्या ऐकू गेल्या नसतील, पण रस्ता चांगला झाला.

व्हॅन पहिल्यांदा वर आली त्या सकाळी चौघे उचलणारे सवयीने दाराशी हजर होते आणि काय करावं ते न सुचून हात मागे बांधून उभे होते. तोच पूर्वीचा ड्रायव्हर. त्याने फळी उतरवली, चाकाची खुर्ची आत सरकवली, मदतनीस बाईंनी पट्टा लावला. वळणावरच्या बाई पुस्तक घेऊन आधीच आत बसल्या होत्या, तेव्हा काकूंनी सोबत जायची गरजच नव्हती.

‘हळू घ्या,’ ताई ड्रायव्हरला म्हणाल्या.

‘आजी, रस्ता आता छान आहे. धक्का बसणार नाही.’

‘धक्क्याचं नाही. मला प्रत्येक फाटकापाशी हात करायचाय.’

दुपारभर काकूंना घर रिकामं रिकामं वाटलं. संध्याकाळ व्हायला आली तसा त्यांनी फोन ओढून खिडकीपाशी घेतला आणि पाठ असलेला नंबर फिरवला.

‘रस्ते विभाग,’ पलीकडून खर्जातला आवाज आला.

‘हॅलो. मी वरच्या गल्लीतली काकू.’

‘बोला काकू. काय झालं? डांबर उखडलं का? लक्षात घ्या, पहिल्या वर्षात…’

‘तक्रार नाहीये.’

‘मग फोन?’

काकू गालातल्या गालात हसल्या. खाली मोठ्या रस्त्यावरून व्हॅन गल्लीत वळताना त्यांना दिसली. त्यांनी रिसीव्हर खिडकीबाहेर धरला, दोरी ताणेल तितका. व्हॅन डॉक्टरांच्या फाटकापाशी आली. वळणावर आली. मोठा खड्डा होता तिथे आली.

‘काही ऐकू येतंय का?’ त्यांनी रिसीव्हर कानाशी नेऊन विचारलं.

‘नाही काकू. काहीच नाही. लाइन कट झाली की काय असं वाटलं.’

‘लाइन उत्तम आहे,’ काकू म्हणाल्या. ‘आमच्या ताई घरी आल्या. तोच आवाज ऐकवत होते.’

पलीकडचा माणूस काही म्हणणार होता, पण तेवढ्यात दाराशी शिट्टी वाजली आणि पाठोपाठ मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचेल असा आवाज आला, ‘छोटे! फोन ठेव आणि दार उघड! खून झालाय आणि या बाई पुढचं पान वाचत नाहीत!’